बापाचा हप्ता, मुलाचा हप्ता: आरोग्य विम्यात कोण कोणाचं भरतं?

प्रश्न विचारणारा 29 वर्षांचा आहे, जळगावच्या एमआयडीसीत नोकरीला. स्वतःची 5 लाखांची पॉलिसी, हप्ता सात हजारांच्या आसपास, आणि चार वर्षांत एकदाही अॅडमिट व्हायची वेळ आलेली नाही. वडील 64 वर्षांचे, चोपडा तालुक्यात शेती, बीपी आणि शुगर दोन्ही. त्यांची पॉलिसी 2017 पासून सुरू आहे. 2023 ला त्यांचा हप्ता 31 हजार होता, 2024 ला एकदम 46 हजार झाला. मुलगा विचारतो, "म्हाताऱ्या माणसांच्या बायपासचे पैसे आम्ही तरुणांनी का भरायचे?" आणि चार ओळी सोडून पुढे हेही विचारतो, "वडिलांना एवढा हप्ता लावणं हा अन्याय नाही का?"

या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्याला हसायचं कारण नाही. विमा कंपनीच्या क्लेम विभागात आठ वर्षं आणि नंतर सल्लागार म्हणून सोळा वर्षं घालवल्यावर सांगतो, माझ्या टेबलासमोर बसलेलं जवळजवळ प्रत्येक घर या दोन्ही तक्रारी एकाच दमात करतं.

आधी पहिली तक्रार. आपल्याकडे स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसीत तरुण माणूस म्हाताऱ्याचं फारसं काही भरत नाही. आपल्या हप्त्याचे वयाप्रमाणे टप्पे पाडलेले असतात. तिशीतल्या लोकांचा खर्च तिशीतल्यांच्या हप्त्यातून आणि साठीपुढच्यांचा त्यांच्याच हप्त्यातून निघावा, असा हिशोब कंपनीचा अॅक्च्युअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारा माणूस, करतो.

हे आकड्यांत पाहू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत. तिशीतली हजार माणसं घ्या. वर्षात 30 जण अॅडमिट झाले, सरासरी बिल 60 हजार. एकूण 18 लाख, म्हणजे डोई 1,800 रुपये. आता पासष्टीची हजार माणसं. 120 जण अॅडमिट, सरासरी बिल 1 लाख 20 हजार. एकूण 1 कोटी 44 लाख, डोई 14,400. आठपट. यावर कमिशन, ऑफिस, टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था), नफा हे सगळं चढतं. तुमचे सात हजार आणि वडिलांचे 46 हजार यांच्यात जे अंतर दिसतं, ते मुळात इथून येतं.

दोघांना एकाच पोत्यात घातलं आणि सगळ्यांना एकच हप्ता लावला, तर डोई 8,100 येतात. तुमचे 1,800 चे 8,100 झाले. तुम्ही थांबाल? नाही थांबणार. तुमच्यासारखे पाचशे जण उठून गेले की उरलेल्या दीड हजारांवर 1 कोटी 53 लाखांचा भार पडतो, म्हणजे डोई 10,200. मग आणखी दोनशे उठतात. शेवटी पोत्यात फक्त आजारी माणसं उरतात आणि त्यांना परवडेल असा हप्ता उरत नाही.

आपल्याकडे भिशी घराघरात चालते, म्हणून लोकांना वाटतं की विमाही तसाच. भिशीत आपला नंबर लवकर लागावा म्हणून माणूस वाट बघतो. इथं नंबर लागूच नये अशी प्रार्थना असते, आणि ज्याला आपला नंबर जवळ आल्याची चाहूल लागते तोच आधी पैसे भरायला येतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे समजवायला मला कधीच कष्ट पडले नाहीत. वादळ दिसल्यावर विमा उतरवायची मुभा दिली, तर कोण आधी उतरवेल? म्हणूनच हवामानावरच्या फळपीक विम्याला शेवटची तारीख असते. आरोग्य विम्यात तिचंच काम प्रतीक्षा काळ करतो, म्हणजे तेवढी वर्षं त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी तो जास्तीत जास्त 4 वर्षांचा होता, एप्रिल 2024 पासून 3 वर्षांचा झाला.

बाहेरच्या देशांनी हा तिढा वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने वैयक्तिक पॉलिसीत प्रौढांमधल्या सगळ्यात म्हाताऱ्याचा हप्ता सगळ्यात तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वरच्या उदाहरणात हा नियम लावला तर तुम्हाला 4,050 पडतील आणि वडिलांना 12,150. म्हणजे तिथला तरुण खरोखरच म्हाताऱ्याचं भरतो. ऑस्ट्रेलियात खासगी विम्यात वयाप्रमाणे हप्ता वाढवायलाच बंदी आहे. पण तिशी उलटूनही विमा न घेणाऱ्याला पुढे प्रत्येक उशिराच्या वर्षामागे 2 टक्के जादा लागतात. सन 2000 पासून हे चालू आहे. जपानमध्ये 75 वर्षांवरच्यांसाठी 2008 पासून वेगळी व्यवस्था आहे. तिचा साधारण निम्मा खर्च सरकार करतं, चाळीसएक टक्के तरुणांच्या वर्गणीतून येतात आणि दहाएक टक्के म्हातारे स्वतः भरतात. तिथले तरुण यावर कुरकुरतात, आणि त्यांच्या कुरकुरीला अर्थ आहे.

मला सगळ्यात पटते ती जर्मनीतल्या खासगी विम्याची रीत. तिथं तरुणपणी त्या वयाच्या खर्चापेक्षा जास्त हप्ता घेतात आणि वरचे पैसे म्हातारपणासाठी राखीव ठेवतात. पुढे हप्ता चढायला लागला की तो साठा वापरतात.

आपल्याकडे नेमकं हेच नाही. आपली पॉलिसी वर्षाचा करार आहे. तुम्ही यंदा भरलेले सात हजार यंदाच संपले. तुमच्या खात्यात, तुमच्या साठीसाठी, त्यातला एक रुपयाही शिल्लक नाही. बोनस म्हणून विम्याची रक्कम वाढेल, हप्ता नाही वाचणार. तीस वर्षं इमानेइतबारे भरून तुम्ही 60 व्या वर्षी पोचाल तेव्हा तुमच्याकडून 60 वर्षांच्या माणसाचाच हप्ता घेतला जाईल. मला विचाराल तर खरा अन्याय इथे आहे, आणि तो तुमच्यात आणि वडिलांत नाही. तुम्ही 29 चे आणि तुम्हीच 64 चे, या दोघांतला तो आहे. पहिल्याने स्वस्तात भागवायचं आणि दुसऱ्याने एकट्याने सगळं सोसायचं.

मग 46 हजार कसे झाले? वयाचा टप्पा बदलला असेल, दवाखान्यांचे दर वाढलेत हेही आहे. पण एका वर्षात जवळपास दीडपट होण्यामागे बहुतेकदा तिसरंच कारण असतं आणि ते कोणी सांगत नाही. कंपनी नवी पॉलिसी बाजारात आणते, चकचकीत नावाची. पाच-सहा वर्षांत तिच्याहून नवी येते. तरुण, निरोगी माणूस नव्याकडे सरकतो, कारण तिथं हप्ता कमी आणि सवलती जास्त. बीपी-शुगरवाल्याला सरकता येत नाही, नवा प्रस्ताव तपासणीत अडकतो. जुन्या पॉलिसीत मग दर वर्षी आजारी माणसांचं प्रमाण वाढत जातं, क्लेम वाढतात, हप्ता वाढतो, उरलेसुरले निरोगीही निघून जातात. वर पोत्याचं उदाहरण दिलं तेच, फक्त दहा वर्षांत सावकाश घडलेलं. एका माणसाने क्लेम घेतला म्हणून त्याच्या एकट्याचा हप्ता नूतनीकरणाला वाढवता येत नाही, असा नियम आहे. पण पूर्ण पॉलिसीचा दर वाढवता येतो, आणि त्या पॉलिसीत आता कोण उरलंय हे कंपनीला नीट ठाऊक असतं.

पोर्टेबिलिटी, म्हणजे झालेली वर्षं न गमावता पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याची सोय, 2011 ला आली तेव्हा मी गावोगाव जाऊन तिचं कौतुक केलं होतं. आज वाटतं, तिचा फायदा ज्याला गरज कमी त्यालाच जास्त झाला. तुमच्या वयाचा माणूस आज अर्ज करतो नि आठवड्यात नव्या कंपनीत असतो. धरणगावच्या एका रिटायर मास्तरांना तीन कंपन्यांनी नाही म्हटलं, तेव्हा ते माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाले, "आते काय करानं भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जानेवारी 2025 मध्ये विमा नियामकाने, म्हणजे इर्डाईने, कंपन्यांना सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. तुमच्या वडिलांची वाढ त्याच्या आधीची, म्हणून त्यात सापडली नाही. नियम चांगलाच आहे. पण खर्च 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर वरचा फरक कंपनी कुठून काढणार? नफा कमी करेल, नाहीतर तरुणांच्या पॉलिसीत थोडा थोडा पसरवेल. तेव्हा तुमची पहिली तक्रार आत्तापर्यंत खोटी होती, ती यापुढे थोडीशी खरी होऊ शकते.

पूर्ण खरी ती एकाच ठिकाणी आहे. तुमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल आणि त्यात कर्मचाऱ्यांचे आईवडीलही धरलेले असतील, तर तिथं 24 वर्षांचा अविवाहित मुलगा सहकाऱ्याच्या आईच्या गुडघ्याचे पैसे भरतोच भरतो. याच्यावर चिडून काही कंपन्या आईवडिलांचा भाग ऐच्छिक करतात. मग ज्यांचे आईवडील आजारी आहेत तेवढेच नाव घालतात आणि दोन वर्षांत तो हप्ता आभाळाला भिडतो. माझं मत विचाराल तर तो सगळ्यांना सक्तीचा असावा आणि प्रत्येकाच्या पगारातून थोडा कापावा. चाळीशीत तुमचेही आईवडील त्यात असतील.

भुसावळला जाऊन बघा. रेल्वेचा पेन्शनर निवृत्तीच्या वेळी एकदाच ठरलेली रक्कम भरतो आणि तो व त्याची बायको उरलेलं आयुष्य रेल्वेच्या दवाखान्यात जातात. बाकीचा भार रेल्वे सोसते, म्हणजे शेवटी आपण सगळे. तिथं कोणी तरुण-म्हातारा असं मोजत बसत नाही, कारण वाटणी डोळ्यांसमोर होत नाही. भुसावळच्या शेजारच्या खेड्यातल्या केळीवाल्याला मात्र ही सोय नाही.

त्याच्यासाठी सरकारी योजना आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे होता. पुढे तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि 2024 पासून ती शिधापत्रिकेचा रंग न बघता सगळ्यांना, कुटुंबाला 5 लाखांपर्यंत लागू झाली. त्यावर ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं. हे पैसे करातून येतात. म्हणजे तरुणांकडून म्हाताऱ्यांकडे जाणारा सगळ्यात मोठा प्रवाह हाच, आणि तो उघड आहे. मला तो योग्य वाटतो. अडचण वेगळीच येते. कार्ड खिशात असतं, पण त्या आजाराचा उपचार यादीत नसतो, किंवा ज्या दवाखान्यात नेलं तो योजनेत नसतो. आपल्याकडचा पेशंट मोठ्या कामाला नाशिकला नाहीतर सुरतला जातो. नंदुरबारवाल्याला तर सुरतच जवळ. तेव्हा जायच्या आधी दवाखान्याचं नाव योजनेत आहे का, हे फोनवर विचारून घ्यायला विसरू नका.

हीच गोष्ट खासगी पॉलिसीतही चावते. बऱ्याच कंपन्या शहरांचे झोन पाडतात. जळगाव, धुळ्याचा हप्ता मुंबईपेक्षा कमी ठेवतात, आणि मग वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा काही भाग तुमच्या माथी मारतात. घर शिरपूरला, पोरगा सुरतजवळ उधन्याला लूमवर, म्हातारा आजारी पडला की सुरतेला हलवतात. अशा घराने हप्ता वाचवायला खालचा झोन घेतला तर पस्तावतं.

"तुमच्या वडिलांनी तिशीतच का नाही घेतला विमा?" असं काही एजंट सुनावतात. हे बोलणं मला फार खटकतं. मेडिक्लेम नावाची पॉलिसी सरकारी कंपन्यांनी 1986 ला आणली. तुमचे वडील तिशीत होते तेव्हा, म्हणजे 1992 च्या सुमाराला, चोपड्याच्या कुठल्या गावात कोण एजंट ती विकायला गेला होता? खासगी कंपन्यांना दार उघडणारा कायदाच 1999 चा. त्या पिढीने तुमच्या आजोबांचे दवाखाने गायी-म्हशी विकून केले, आणि तुमच्या इंजिनीअरिंगची फीही. आणि ती पिढी विम्यापाशी पोचली तेव्हा तिला 55 व्या वर्षाचा दर सांगितला.

माझी एक चूक सांगतो. 2009 च्या आसपास अमळनेरच्या एका हार्डवेअर दुकानदाराला मी बापासकट सगळ्यांची एकच फ्लोटर पॉलिसी, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम, करून दिली. कागद एक, तारीख एक, मला सोपं. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो, म्हणजे तिशीतल्या सुनेचं आणि नातवंडांचं संरक्षण आजोबांच्या वयाच्या दराने मोजलं गेलं. ते तरी पैशाचं नुकसान होतं. तिसऱ्या वर्षी आजोबांचं डायलिसिस सुरू झालं आणि 3 लाखांची रक्कम सात महिन्यांत संपली. त्याच वर्षी सुनेचं ऑपरेशन निघालं, तेव्हा पॉलिसीत काही उरलं नव्हतं. सोनं गहाण पडलं. त्या बाईने मला कधी शब्दाने बोललं नाही, पण दुकानात गेलो की आत निघून जायची. पिढ्यांमधला न्याय-अन्याय म्हणतात तो मला त्या दुकानात कळला. तेव्हापासून साठीपुढच्या आईवडिलांना मी मुलांच्या फ्लोटरमध्ये घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

आणि आमच्या लोकांचंही सांगायला हवं. तुमच्या हप्त्यातला बराच हिस्सा ना तरुणाला जातो ना म्हाताऱ्याला. व्यवस्थापन खर्चाची मर्यादाच सर्वसाधारण विमा कंपन्यांना हप्त्याच्या 30 टक्के आणि फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांना 35 टक्के आहे. त्यात आमचं कमिशनही आलं. वडिलांच्या 46 हजारांवर मला तुमच्या सात हजारांपेक्षा कितीतरी जास्त मिळतं, आणि त्यांचा हप्ता वाढला की माझंही वाढतं. सल्ला ऐकताना हे मनात ठेवा, माझाही.

आता तुमच्या घरचं. वडिलांची पॉलिसी रागाने बंद करू नका. 2017 पासूनची सलग वर्षं म्हणजे बीपी-शुगरचा प्रतीक्षा काळ कधीच संपला, आणि 5 वर्षं झाल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनी माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. 46 हजारांत तुम्ही हे विकत घेताय. आज बंद केली तर पुन्हा अशी पॉलिसी मिळायची नाही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला. 46 हजार कर सोडून असतील तर 8,280 रुपये तिथेच वाचायला हवेत. नूतनीकरणाच्या कागदावर ते दिसतात का बघा, कारण कंपनीला स्वतःच्या खर्चावरच्या जीएसटीची मिळणारी वजावट गेल्याने काही कंपन्या मूळ दरात हात मारू शकतात. तरी जड वाटत असेल तर रक्कम 10 लाखांची असल्यास 5 वर आणा, किंवा प्रत्येक बिलातले पहिले काही हजार स्वतः सोसायची अट स्वीकारून हप्ता उतरवा. वडील सत्तरीला पोचायला सहा वर्षं आहेत. तोवरचा हा पूल आहे, तेवढा टिकवायचा. तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर आयकरात 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत नाही मिळत.

स्वतःसाठी जर्मनांचं काम स्वतःच करा. पॉलिसी चालू ठेवाच, आणि शिवाय महिन्याला 1,000 रुपये फक्त साठीनंतरच्या हप्त्यांसाठी म्हणून बाजूला टाका. 7 टक्के परतावा धरला तर तीस वर्षांत 12 लाखांच्या आसपास होतात. लग्न, गाडी, घर यात ते खाता येणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. पीपीएफ चालेल. ही गोष्ट मी माझ्या पोराला सांगितली तेव्हा त्याने मोबाइलवरून डोकंही वर काढलं नव्हतं, पण गेल्या दिवाळीत खातं उघडलं.

तुम्ही लिहिलंय, वडिलांची तारीख 28 मार्च. दुसऱ्या कंपनीत विचारून बघायचं असेल तर पोर्टचा अर्ज 45 दिवस आधी, म्हणजे 11 फेब्रुवारीच्या आत जायला हवा. मला फार आशा नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. अर्जात शुगर कधीपासून आहे ते खरं लिहा, गोळ्यांच्या नावांसकट. आणि नवीन कंपनीचा होकार हातात पडेपर्यंत जुनीचं नूतनीकरण थांबवू नका.